चावी जमा, आराम सुरू

नशिराबादजवळच्या एका केळीच्या गोदामाने माझ्या ड्रायव्हरची झोप लुबाडली, आणि वर कागदोपत्री दाखवलं की ती त्याला पोटभर मिळाली. फसवणारी कंपनी, फसलेला माझा ड्रायव्हर. तिसरं कुणी यात नाही. रस्ता नाही, पोलीस नाही, सरकारचा कायदाही नाही. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण वकिलाने हात जोडले. "अक्का, बाकी काय बोलायचं ते बोला, नाव तेवढं नको." म्हणून नाव नाही. बाकी सगळं आहे.

मी धुळ्याची, देवपुरात राहते. नवरा ट्रक चालवायचा. वर्षानुवर्षं सीटवर बसून त्याची पाठ गेली, डॉक्टरने चाकाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं, आणि गाडी दारात उभी राहिली. दारातली उभी गाडी म्हणजे भाकड म्हैस. वैरण चालूच, दूध नाही. गाडी चालवणं मला कधी जमलं नाही, पण भाव करणं जमलं. भाजीवाल्याशी घासाघीस करायचे तशीच व्यापाऱ्यांशी करायला लागले. सुरुवातीला लोक हसायचे. नंतर हसणारे लोक मी ऑफिसात शिरले की पंखा माझ्याकडे वळवायला लागले. एकीच्या दोन गाड्या झाल्या, दोनाच्या आणखी झाल्या. कुणी वडिलोपार्जित काही दिलं नाही, आणि मीही कुणाला फुकट काही दिलेलं नाही.

ती पहिली गाडी नवऱ्यानंतर ज्यांनी हातात घेतली ते नाना. जळगावजवळच्या असोद्याचे. नवऱ्यापेक्षा वयाने मोठे, उंच, काटकुळे, आणि स्वभावाने इतके शांत की माझ्यासारखीच्या कारभारात असा माणूस नसता तर रोज भांडी वाजली असती. नाना दोन गोष्टींसाठी आमच्या धंद्यात प्रसिद्ध होते. एक म्हणजे त्यांच्या हातून गाडीला कधी ओरखडा पडला नाही. आणि दुसरी म्हणजे त्यांची झोप. जागा सपाट हवी, मग ती कुठलीही चालेल. गाडीखाली, गोणपाटावर, हमालांच्या गलक्यात. पाठ टेकवायची, हात छातीवर ठेवायचे की नाना गेले. मात्र बसून त्यांना डुलकीसुद्धा यायची नाही. एकदा मी म्हटलं, "नाना, खुर्चीतच मान टाका ना जरा." तर म्हणाले, "अक्का, खुर्चीवर पुढारी झोपतस, मानूस नही."

ओरखडा का नाही आणि झोप का एवढी, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत हे मला नवऱ्याच्या पाठीने शिकवलं होतं. भरपूर झोपलेला ड्रायव्हर हा माझ्या धंद्यातला सगळ्यात चांगला सुटा भाग आहे. तो बाजारात मिळत नाही.

पूर्वी आम्ही जळगावच्या एका मारवाडी शेटजींची केळी वाहायचो. शेटजी कंजूष. सांडून बशी ओली होईल एवढासुद्धा चहा कपात ओतायचे नाहीत. पण त्यांच्या वखारीत एक रीत होती. ड्रायव्हरने गाडीच्या आरशाला रुमाल बांधला की तो झोपला. मग त्याला कुणी हाक मारायची नाही. गाडी मागे-पुढे घ्यायची असेल तर मुकादम स्वतः चढायचा, नाहीतर हमाल चार पावलं जास्त चालायचे. एकदा नवीन आलेल्या हमालाने नानांना उठवलं, तर शेटजी गादीवरून उठून बाहेर आले आणि त्याला म्हणाले, "अरे, माझा माल याच्या डोळ्यांवर जातो, चाकांवर नाही." यात दयाळूपणा किती होता मला माहीत नाही. ठरलेल्या वेळेत गाडी भरली नाही तर उभं राहण्याचे पैसे मालवाल्याने द्यायचे, त्याला आमच्यात हॉल्टिंग म्हणतात, ते हॉल्टिंग शेटजींच्या जिवावर यायचं. म्हणून ते माल लवकर भरायचे आणि ड्रायव्हरला तोवर झोपू द्यायचे. स्वतःच्या फायद्यासाठी का होईना, माणूस सरळ वागत होता.

शेटजींची मुलं पुण्याला गेली, वखार बंद झाली, आणि कंपनी आली.

कंपनीच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतीवर मोठं चित्र होतं. हसणारा ड्रायव्हर, खाली लिहिलेलं: थकलेला चालक, धोक्यातला रस्ता. समोर एक तरुण साहेब. शर्ट कडक, बोलणं मऊ. त्याने सांगितलं की आमच्याकडे ड्रायव्हरच्या तासांचे नियम काटेकोर आहेत. ठरावीक तास चालवलं की सक्तीची विश्रांती. विश्रांती न घेता गाडी पुढे नेली तर दंड. आणि पूर्ण विश्रांती झालेली असताना वाटेत गाडी थांबवली तर तोही दंड, कारण माल वेळेत पोचला पाहिजे. गाडीत यंत्र बसणार, ते सगळं सांगणार.

मी म्हटलं, "विश्रांती सक्तीची? लिहून देणार?"

"करारातच आहे, मॅडम."

मला खरंच बरं वाटलं. नवऱ्याच्या वेळी कुणी असा कागद दिला असता तर आज त्याला बुटाची नाडी बांधायला माझी गरज लागली नसती. कायद्यातही ड्रायव्हरच्या तासांना मर्यादा आहे, मध्ये विश्रांती द्यायची आहे, पण आमच्या रस्त्यांवर तो कायदा मी कधी गाडी चालवताना पाहिला नव्हता. इथे तो चित्रासकट भिंतीवर होता.

मग साहेब हळूच म्हणाला, "फक्त एक आहे. हॉल्टिंगचं कलम आम्ही ठेवत नाही. आमच्याकडे टोकन पद्धत आहे, गाडी थांबतच नाही, तर हॉल्टिंग कशाचं?"

मी भाडं वर ओढलं, डिझेल वाढलं तर भाडं वाढेल हे लिहून घेतलं, टोल त्यांच्या अंगावर टाकला. साहेबाला घाम फुटला. आणि विश्रांतीचं कलम मिळतंय म्हणून हॉल्टिंगचं सोडलं. आमच्या धंद्यात आराम म्हणजे आडवं होणं. आरशाला रुमाल. आराम कुठून कुठवर मोजणार, हे विचारायचं असतं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. दूध घेताना कुणी विचारतं का, की हे म्हशीचंच आहे ना, का भिंतीला लावायच्या चुन्याचं?

आता त्या गोदामाचं गेट कसं चालतं ते सांगते.

केळी शेतातून यायची असते. असोद्याकडे, आसपासच्या गावांत कापणीच्या टोळ्या असतात. टोळी कधी पहाटे लागते, कधी ऊन चढल्यावर. कापलेले घड गोदामात येतात, फण्या सुट्या होतात, हौदात धुतल्या जातात, खोक्यांत भरतात, मग ती खोकी आमच्या गाडीत. यातलं काहीच घड्याळाप्रमाणे होत नाही, आणि होणारही नाही. केळी आहे, खिळे नाहीत. हे कंपनीला माहीत आहे. तरी ती सगळ्या गाड्या सकाळीच बोलावते. का? गाडी दारात उभी असलेली बरी. माल तयार झाला की चढवायला हाताशी. उभं राहण्याचे पैसे द्यायचेच नाहीत, तर दहा लागत असतील तिथे वीस बोलवायला काय जातं?

ड्रायव्हर गेटवर आला की गार्ड त्याच्याकडून गाडीची चावी घेतो. भरता भरता कुणी गाडी हलवू नये, अपघात होऊ नये, म्हणून. यात मला काही चुकीचं वाटत नाही. चावी गार्डच्या खोलीत काचेमागे खिळ्यावर लागते. गाडीच्या केबिनला कुलूप. गोदामाच्या आवारात गाडीत बसायची मनाई, हाही सुरक्षेचाच नियम. गाडीखाली झोपायचं तर विचारूच नका. ड्रायव्हरने जायचं पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे लोखंडी खुर्च्या, एकमेकींना जोडलेल्या, प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी हात, म्हणजे कुणी आडवं होऊ शकणार नाही. भोंग्यावरून टोकन पुकारतात. पुकारल्यावर उठला नाहीत तर नंबर शेवटी.

आणि ज्या क्षणी चावी खिळ्यावर लागते, त्या क्षणी कंपनीच्या यंत्रात ड्रायव्हरची विश्रांती सुरू होते.

हे मी पुन्हा लिहिते, कारण मला स्वतःलाही ते तीन वेळा ऐकावं लागलं. बिछाना ज्या केबिनमध्ये आहे तिची चावी काढून घेतली की माणूस झोपला असं धरतात. चावी परत दिली की तो जागा झाला, ताजातवाना झाला, आता त्याने न थांबता चालवायचं.

त्या दिवशी नानांनी रात्रभर गाडी चालवून येऊन सकाळी चावी दिली. कापणीची टोळी उशिरा लागली होती. नाना दिवसभर पत्र्याखाली त्या खुर्चीत बसले. ऊन असं होतं की पत्रा तडतड वाजत होता. टोकन दोनदा पुकारलं, दोन्ही वेळा "थांबा, खोकी यायची आहेत" म्हणून परत पाठवलं. दिवे लागायच्या वेळेला गाडी भरली आणि चावी हातात आली. यंत्राने सांगितलं, विश्रांती पूर्ण. माल मुंबईच्या बाजूच्या गोदामात ठरल्या वेळेला पोचला पाहिजे.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मी नवऱ्याला जेवायला वाढत होते तेव्हा नानांचा फोन आला.

"अक्का, डोया मिटी राह्यनात मना."

डोळे मिटतायत असं नाना इतक्या वर्षांत एकदाही म्हणाले नव्हते. मी म्हटलं, "मग चालवता कशाला? लावा गाडी बाजूला. झोपा."

"कंपनीवाला फोन करी राह्यना. म्हनस, तुना आराम व्हई गया."

"त्याला सांगा, आराम झाला असेल तर तू ये आणि चालव. झोपा तुम्ही."

नवऱ्याने ताटावरून मान वर केली आणि फक्त एवढंच म्हणाला, "झोपू दे त्याला." तो माणूस धंद्यात कधी बोलत नाही. त्याच्या आवाजावरून मला कळलं की त्याला स्वतःचे कुठले तरी रस्ते आठवले आहेत.

नानांनी मुकटीजवळ एका ढाब्यावर गाडी लावली आणि झोपले. उठल्यावर सरळ मुंबईकडे गेले. केळीला काही झालं नाही. हिरवी केळी आहे, बर्फाचा गोळा नव्हे. एक फणी काळी पडली नाही, एक खोका दबला नाही. पण माल उतरवायची ठरलेली वेळ हुकली होती, म्हणून तिकडच्या गेटने गाडी आत घेतली नाही, दुसऱ्या दिवसाची वेळ दिली. गाडी परत उभी. नानांची चावी परत खिळ्यावर. यंत्रात परत विश्रांती.

म्हणजे बघा. इकडे गाडी दिवसभर उभी, तिकडे दिवसभर उभी, मधल्या रस्त्यावर मात्र माणसाने पापणी मिटायची नाही. गेटच्या आत घालवलेला वेळ कुणी विचारत नाही, कारण कागदावर तो वेळ नाहीच, तिथे आराम आहे. तो सगळा वेळ मग रस्त्यावर वसूल करायचा, ड्रायव्हरच्या डोळ्यांतून. आणि याला ते लोक चोख पुरवठा म्हणतात. ऑफिसात बोर्ड लावलाय, गाड्या वेळेत सुटल्याचा. सुटणारच वेळेत! चावी परत देतानाच घड्याळ सुरू केलं तर जगातली कुठली गाडी उशिरा सुटेल?

पुढच्या फेरीला नाना नशिराबादला गेले आणि गेटवरच्या चेहरा ओळखणाऱ्या यंत्रासमोर तोंड धरलं, तर लाल दिवा. पुन्हा धरलं, पुन्हा लाल. मागे गाड्यांची रांग, हॉर्न वाजायला लागले. गार्ड ओळखीचा होता, तो बिचारा खाली बघत म्हणाला, "नाना, तुम्ही बंद आहात."

माणूस बंद! दुकान बंद असतं, रस्ता बंद असतो.

कारण लिहिलं होतं: पूर्ण विश्रांतीनंतर विनापरवाना थांबा, कामात झोप. ज्या माणसाच्या झोपेमुळे माझ्या गाडीला ओरखडा नव्हता, त्याला झोपेच्या गुन्ह्यात अडकवलं. आणि ते एकाच गेटपुरतं नव्हतं. तेच यंत्र आता सगळीकडे बसलंय. धुळ्याच्या तेलवाल्यांकडे, एमआयडीसीतल्या डाळवाल्यांकडे. एकीकडे लाल म्हणजे सगळीकडे लाल.

नाना गाडी घेऊन देवपुरात आले. दारात लावली, नेहमीसारखी काच पुसली, घरात आले आणि चावी माझ्यापुढे ठेवली.

"दुसरा ड्रायव्हर पाही ल्या, अक्का. माले बठ्ठा गेट बंद शेतस."

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नाना ऐकून घेऊन म्हणाले, "शिव्या मना नावे देऊ नका, त्यास्ना नावे द्या." मी म्हटलं, त्यांनाच देतेय.

दुसऱ्या दिवशी मी नशिराबादला गेले. साहेब मीटिंगमध्ये. बरं. मी पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसले, त्याच खुर्चीत. आजूबाजूला ड्रायव्हर. कुणी राजस्थानचा, कुणी विदर्भातला, एक जळगावचे चाचा, पांढऱ्या दाढीचे. बाई शेडमध्ये आली म्हणून सगळे आधी आवरून बसले, मग थोड्या वेळाने सैलावले. मी ठरवून डोळे मिटले. बघू तरी, आराम कसा होतो. डोळे मिटले की भोंगा. मान टेकवायला गेले तर मागे पत्रा, हात लावाल तर भाजेल असा. खुर्चीचा लोखंडी हात बरगडीत.

चाचा हसले. "अक्का, इधर नींद को भी टोकन लगता है."

दुसरा म्हणाला, "और बुलावे तब तक नींद का नंबर लास्ट में."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. चाचा त्यानंतर भोंग्याकडे कान ठेवूनच माझ्याशी बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांच्या मानेला मध्येच झटका बसायचा, बैलाला माशी बसल्यावर बसतो तसा. याच माणसाला संध्याकाळी चावी मिळणार होती.

जेवणाच्या सुट्टीत साहेब सापडला. त्याच्या खोलीत भिंतभर पडदा, त्यावर गाड्यांचे नंबर, नंबरापुढे हिरवे ठिपके.

"हिरवं म्हणजे काय हो, साहेब?"

"ड्रायव्हर विश्रांतीवर आहे."

मी चाचांच्या गाडीचा नंबर शोधला. हिरवा. साहेबाचा शर्ट धरून त्याला खिडकीशी नेला. खरंच धरला, खोटं कशाला बोलू. चाचा शेडच्या बाहेर उभे, हातात चहाचा कागदी कप, तोंड भोंग्याकडे.

"तो बघा. झोपलाय?"

"मॅडम, शर्ट सोडा."

"आधी सांगा, झोपलाय?"

"सिस्टीममध्ये विश्रांतीवर आहे."

"सिस्टीमला डोळे नाहीत. तुम्हाला आईने दोन दिलेत. त्यातल्या एकाने तरी बघा!"

त्याने बघितलं नाही. पडद्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ठीक. तुमच्या घराची चावी द्या माझ्याकडे. मी तुम्हाला दिवसभर त्या पत्र्याखाली बसवते. संध्याकाळी तुमच्या बायकोला मी सांगते, साहेब दिवसभर गादीवर घोरत होते, आता रात्रभर त्यांना झोपू देऊ नका. चालेल?"

शेजारच्या टेबलावरची मुलगी हसली आणि लगेच फाइलमागे गेली. साहेबाचा चेहरा लाल झाला. पण तो कसलेला होता. पाणी मागवलं, मला बसवलं, आणि मग भाव सुरू केला. माझ्या भाषेत.

"मॅडम, आपले संबंध चांगले आहेत. तुमच्या बाकीच्या गाड्यांना मी जास्त फेऱ्या देतो. पक्क्या. नानांनाही सुरू करतो. फक्त त्यांनी एक माफीनामा द्यायचा. फॉरमॅट तयार आहे."

मी आयुष्यभर भाव केला आहे, आणि समोरचा जेव्हा एवढं देतो तेव्हा तो काय नेतोय ते मला वासावरून कळतं. पण नानांचा प्रश्न होता. चाकाशिवाय नाना म्हणजे काय, हे मला माहीत होतं. घरात एक तसा माणूस मी रोज बघते. त्यांना विचारल्याशिवाय नाही म्हणणारी मी कोण? कागद घेतला आणि असोद्याला गेले.

नाना ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली. बसून होते, आडवे नव्हते. त्यांची बायको आतून म्हणाली, "अक्का, तुम्हीच सांगा यास्ले. घर येल पासून झोपेल नहीत." नानांना झोप लागत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

ते म्हणाले, "आना, सही करी देस. कागदच तो शे."

मी वाचून दाखवला. मी अमुक चालक, गोदामात मला पूर्ण व अखंड विश्रांती मिळाली होती. तरीही मी वाटेत वाहन थांबवून झोपलो. ही माझी चूक आहे.

नानांनी पेन घेतलं होतं. ते थांबले.

"परत वाचा बरं ते. अखंड काय?"

"अखंड विश्रांती. म्हणजे सलग. मध्ये कुणी न उठवता."

नानांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. केळीचे घड भरलेली एक ट्रॉली गेली. मग म्हणाले, "मी इतला झोपनू तर एखादं सपन तरी पडतं ना, अक्का?"

त्यांची बायको आतून हसली. नानाही हसले. आणि पेन त्यांनी टोपण लावून मला परत दिलं. "तो चूक शे असं म्हना, मी म्हनस. पन झोपनू व्हतू असं नही म्हनाव. उद्या कोनी दुसरा डोया मिटीसन कोनाले उडाई देई, तवय यास्ना जवळ मना कागद राही. म्हनतीन, पाहा, ड्रायव्हर सोताच सांगस, आराम भेटस."

चूक झाली म्हणेन, पण झोपलो होतो म्हणणार नाही; उद्या दुसरा कुणी डोळा लागून माणूस उडवेल तेव्हा कंपनी माझाच कागद पुढे करेल, असं ते म्हणत होते. मी कागद फाडला नाही. जपून ठेवलाय. कंपनीची भाषा कंपनीच्याच शिक्क्यासह माझ्याकडे असू दे.

त्या गोदामातून मी माझ्या सगळ्या गाड्या काढल्या. धंदा निम्मा झाला. नाना आता असोद्यात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातात, शेतापासून गोदामाच्या मागच्या दारापर्यंत. हो, त्याच गोदामाच्या. मागच्या दाराला ते यंत्र नाही, तिथे ट्रॅक्टरवाल्याचं तोंड कुणी बघत नाही. त्यांनी ओढलेली केळी चालते, ते चालत नाहीत. माझ्या गाड्यांवर मी त्यांना जळगाव-धुळ्याच्या किरकोळ भाड्यांना बोलावते, पण जिथे जिथे ते गेट आहे तिथे ते जाऊ शकत नाहीत, आणि ते गेट नसलेली जागा दर महिन्याला एक कमी होते आहे.

मला लोक सांगतात, अक्का, सोडून द्या, कंपनी मोठी आहे. शहाणे लोक सांगतात, नियम ड्रायव्हरच्या भल्यासाठीच आहे. नियमाला मी कधी वाईट म्हटलं? नियम हवाच होता मला. नवऱ्याच्या पाठीसाठी हवा होता, वीस वर्षांपूर्वी हवा होता. माझं भांडण नियम पाळल्याचं नाटक करणाऱ्याशी आहे. ज्याने ड्रायव्हरला झोपायला दिलेले तास स्वतःची ढिलाई झाकायला वापरले त्याच्याशी आहे. उशिराची कापणी, फुकटात रांगेत धरलेल्या गाड्या, वेळेत न भरलेली खोकी, हे सगळं त्याने नानांच्या झोपेच्या नावाखाली घातलं. आणि त्यावर बढती घेतली असेल, बक्षीस घेतलं असेल.

साहेबाला मी धरत नाही. तो पडद्याचा गुलाम. पण खिळ्यावर लागलेली चावी म्हणजे झोपलेला माणूस, हे कुणीतरी एका खोलीत बसून ठरवलं. त्या खोलीला दार असेल, त्या माणसाला तोंड असेल. त्याने असोद्याला यावं. मी स्वतः गाडी पाठवते. नानांच्या ओट्यावर बसावं, त्यांच्या बायकोसमोर, आणि नानांच्या डोळ्यांत बघून एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: त्या दिवशी तुमच्या गोदामात नाना कुठे झोपले होते? जागा दाखवा.